सातबाऱ्यावरचे काका आणि शिकागोतला दाखला

वाचकाचा प्रश्न : सातारा जिल्ह्यातल्या ५८ वर्षांच्या एका ताईंचे पत्र आहे. त्यांचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आजोबांच्या पश्चात साडेतीन एकर जमीन वडील आणि धाकटे काका या दोघांच्या नावावर लागली होती. काका १९६९ मध्ये इंजिनिअर म्हणून अमेरिकेत गेले, शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावी राहिले आणि १९९६ मध्ये तिकडेच वारले. काकूंनी तेव्हा पत्रासोबत तिथल्या वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचे कात्रण पाठवले होते. पुढे काकूही गेल्या. त्यांची दोन मुले, म्हणजे ताईंचे चुलत भाऊ-बहीण, अमेरिकेतच आहेत. आजीच्या शेवटच्या आजारपणात काका आले नाहीत, त्यांनी पाठवलेला चेक वडिलांनी परत केला, तेव्हापासून दोन्ही घरांत अढी. २००९ नंतर एकमेकांना फोनही नाही.

आता जमिनीला गिऱ्हाईक आले आहे. तलाठी म्हणतात, काकांचा मृत्यू दाखला आणा. ताईंच्या भाच्याने काका राहत होते तिथल्या काउंटी (अमेरिकेतला जिल्ह्यासारखा विभाग) कचेरीला पत्र लिहून मृत्यू दाखला आणि निधनवार्तेची प्रत मागितली. उत्तर आले की अशी नोंद आमच्याकडे नाही आणि निधनवार्ता आम्ही ठेवत नाही. पुण्यातला एक माणूस साठ हजारांत ‘सगळं करून देतो’ म्हणतो. थोरले भाऊ म्हणतात, काका तिकडचेच झाले, एकदा दाखला आला की त्यांचे नाव निघेल आणि विषय संपेल. ताई विचारतात : दाखला कसा मिळवायचा? आणि चुलत भावंडांना न विचारता मिळेल का?

उत्तर :

ताई, तुमचे पत्र दोनदा वाचले आणि सोबतच्या कात्रणाची झेरॉक्स तीनदा. तुम्ही ते कात्रण ‘भावनिक आठवण म्हणून’ जोडले आहे असे लिहिलेत. माझ्या मते या सगळ्या कागदांत कामाचा कागद तोच आहे. त्याकडे येतेच. आधी त्या ‘नोंद नाही’चे बघू, कारण त्या उत्तराने तुम्ही हबकून गेलेल्या दिसता.

काकांच्या मृत्यूची नोंद झालीच नाही असा त्याचा अर्थ नाही. मृत्यूची नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, जिथे मृत्यू झाला तिथे होते. आपल्याकडेही तसेच आहे. कोरेगावचा माणूस पुण्याच्या दवाखान्यात वारला तर दाखला पुणे महापालिकेचा मिळतो, कोरेगावच्या नगरपंचायतीत कितीही खेटे घातले तरी मिळत नाही. नेपरव्हिल हे गाव ड्युपेज आणि विल अशा दोन काउंटींत पसरलेले आहे. पण तुमच्या कात्रणातच लिहिले आहे की काका शिकागो शहरातल्या हॉस्पिटलात वारले, आणि शिकागो जवळजवळ सगळे कुक काउंटीत येते. म्हणजे भाच्याचे पत्र व्यवस्थित होते, पत्ता चुकला. कुक काउंटीच्या क्लर्ककडे अर्ज जायला हवा. ‘क्लर्क’ या शब्दावर जाऊ नका, तो आपल्याकडचा कारकून नव्हे. काउंटी क्लर्क हा तिकडे लोकांनी मत देऊन निवडलेला पदाधिकारी असतो. जन्म, मृत्यू, लग्न यांच्या नोंदी आणि निवडणुका, असा त्याचा पसारा असतो.

अमेरिकेत मृत्यू दाखले देणारी एक केंद्रीय कचेरी नाही. हा प्रत्येक राज्याचा विषय आहे. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये काउंटी क्लर्क दाखला देतो आणि राज्याच्या आरोग्य खात्याकडेही नोंद असते. तिथे राज्यभर नोंदणी १९१६ पासून आहे. कुक काउंटीच्या नोंदी त्याहून जुन्या, पण १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोला लागलेल्या प्रचंड आगीत कोर्टाच्या इमारतीबरोबर आधीचे दप्तर जळून गेले. तुमचे प्रकरण १९९६ चे, तेव्हा ती धास्ती नाही. इतर वाचकांसाठी सांगते, की ‘काउंटी’ हा शब्द सगळीकडे लागू पडेलच असे नाही. न्यूयॉर्क शहराचे दप्तर न्यूयॉर्क राज्यापासून वेगळे आहे. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये नोंद गावाच्या किंवा शहराच्या क्लर्ककडे असते. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. कोणत्या राज्यात कुठे अर्ज करायचा याची यादी अमेरिकी सरकारच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने फुकट दिलेली आहे. ती उघडून बघायला कोणाला पैसे मोजावे लागत नाहीत.

आता निधनवार्ता. ती काउंटीने ‘आम्ही ठेवत नाही’ म्हणून सांगितले ते खरेच आहे. निधनवार्ता हा सरकारी कागद नाही. घरच्यांनी मजकूर लिहायचा, बहुतेक वेळा फ्युनरल होमने, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेने, तो वर्तमानपत्राकडे द्यायचा आणि ओळींप्रमाणे पैसे भरायचे, असा तो मामला. आपल्या पेपरातले ‘दुःखद निधन’चे कात्रण घेऊन वारस नोंदीला गेलात तर तलाठी भाऊसाहेब ते बाजूला सारतील. तिकडच्या कात्रणाचेही तेच होईल. पुरावा म्हणून ते कुचकामी.

पण वाटाड्या म्हणून त्याला तोड नाही. मृत्यूची तारीख, हॉस्पिटलचे शहर, फ्युनरल होमचे नाव, मागे कोण कोण राहिले, सगळे त्यात आहे. अर्जात लागते ते यातूनच भरायचे. ज्यांच्याकडे असे कात्रण नाही त्यांनी त्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाला ईमेल करावा. जुनी वर्तमानपत्रे तिथे मायक्रोफिल्मवर असतात आणि तारखेचा साधारण अंदाज दिला तर ग्रंथपाल शोधून स्कॅन पाठवतात, कुठे फुकट, कुठे थोड्या डॉलरांत. आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी दोन ठिकाणे आहेत : न्यूयॉर्कहून १९७० पासून अनेक वर्षे छापून निघालेल्या ‘इंडिया अब्रॉड’सारख्या भारतीयांच्या साप्ताहिकाचे जुने अंक, आणि महाराष्ट्र मंडळांची वार्तापत्रे. मंडळातल्या जुन्या माणसांना तर वार्तापत्रही लागत नाही. १९७५ च्या गणपतीत कोणी आरती म्हटली हे त्यांना पाठ असते. तारीखच माहीत नसेल तर सोशल सिक्युरिटी डेथ इंडेक्स ही, अमेरिकी सरकारच्या सामाजिक सुरक्षा योजनेतल्या मृतांची सूची बघावी. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते. तिच्यात मृत्यूची तारीख आणि शेवटच्या राहण्याचे ठिकाण मिळते. राहण्याचे, मृत्यूचे नव्हे. तुमच्या भाच्याची जी चूक झाली ती या सूचीवर विसंबणाऱ्या निम्म्या लोकांची होते.

पुढचा मुद्दा प्रतीचा, आणि इथे पैसे वाया जातात. दाखल्याच्या प्रती दोन जातीच्या असतात. इलिनॉयमध्ये २० वर्षांपेक्षा जुनी मृत्यूची नोंद वंशावळीच्या अभ्यासासाठी म्हणून मागता येते. त्या प्रतीत माहिती सगळी असते, पण ती प्रमाणित नसते. कॅलिफोर्नियात ‘माहितीपुरती’ प्रत कोणालाही मिळते, तिच्यावर ओळख सिद्ध करायला ही चालणार नाही अशा अर्थाचा ठळक शिक्का असतो. अशी प्रत हातात घेऊन लोक आनंदाने तहसीलला जातात आणि तोंड पाडून परत येतात. तुम्हाला हवी ती प्रमाणित प्रत, सही-शिक्क्याची. ती मागणाऱ्याला नोंदीशी आपला संबंध दाखवावा लागतो. इलिनॉयमध्ये ज्याचा नोंदीशी वैयक्तिक किंवा मालमत्तेच्या हक्काचा संबंध आहे त्याला ती मागता येते. तुम्ही पुतणी आहात आणि तुमच्या वडिलांचे व काकांचे नाव एकाच सातबाऱ्यावर आहे. सातबारा, त्याचे इंग्रजी भाषांतर, वडिलांचा मृत्यू दाखला, तुमच्या ओळखपत्राची प्रत आणि दाखला कशासाठी हवा हे सांगणारे चार ओळींचे पत्र, एवढे जोडून तुम्ही अर्ज करू शकता. ते देतीलच अशी हमी मी देत नाही, पण मागायचा आधार आहे. फी बहुतेक ठिकाणी १५ ते ३५ डॉलरच्या दरम्यान, म्हणजे हजार-दीड हजारापासून तीनेक हजार रुपयांपर्यंत. यावरून त्या साठ हजारांचा हिशेब तुम्हीच करा.

थोडक्यात, चुलत भावंडांना न विचारता दाखला मिळेल का, तर मिळू शकेल.

पण ताई, मिळाल्यावर काय कराल? थोरल्या भावांचे वाक्य तुम्ही पत्रात दोन वेळा लिहिले आहे, की दाखला आला की काकांचे नाव निघेल. सगळी गफलत या ‘निघेल’मध्ये आहे. मृत्यू दाखल्याने सातबाऱ्यावरचे नाव नुसते निघत नाही. त्याच्या जागी त्या माणसाच्या वारसांची नावे लागतात. काका अमेरिकेत गेले, कदाचित तिथले नागरिकही झाले असतील, आजीच्या आजारपणात आले नाहीत, यांतल्या कशानेही त्यांची मुले त्यांची मुले उरली नाहीत असे होत नाही. काकांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर त्यांचा हिस्सा काकू आणि दोन मुलांचा. काकू गेल्या, तेव्हा आज तो त्या दोघांचा. परदेशी नागरिकाला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही हे तुमच्या भावांनी कुठेतरी ऐकलेले दिसते, आणि ते खरे आहे. वारसाने येणाऱ्या जमिनीची गोष्ट वेगळी. ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे तसे कार्ड घेतलेल्या भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला, ती वारसाने मिळू शकते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या माणसालाच विकावी लागते, इतकेच.

म्हणजे तुम्ही ज्या कागदासाठी धडपडता आहात, तो कागद तुमच्या चुलत भावंडांना तुमच्या सातबाऱ्यावर आणणारा आहे. त्यांना टाळून तो मिळवला तर पुढची पायरी काय, हेही बोलून टाकते. वारसांच्या प्रतिज्ञापत्रात ‘काकांना अन्य कोणी वारस नाही’ असे लिहायचे. असे लिहून देणारे आणि लिहून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत. साठ हजारांच्या ‘सगळं करून देतो’मध्ये हेही बसत असेल. तो खोटा जबाब आहे. शिवाय फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही. उद्या शिकागोतल्या कोणा नातवाने गुगलवर गावाचे नाव टाकले आणि प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केले, तर तुमचे गिऱ्हाईक तुम्हालाच कोर्टात उभे करील.

आता एक गोष्ट तुम्हाला दिलासा देणारी. तुमच्या वडिलांच्या वारसांची नोंद काकांच्या दाखल्यासाठी अडायचे काही कारण नाही. दोघे सहहिस्सेदार होते. वडिलांचा दाखला तुमच्याजवळ आहे. तुम्ही भावंडे आणि आई असतील तर आई, यांचा वारस अर्ज आजही करता येतो, तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या. आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत नोंद, मग फेरफार, संबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, असा तो क्रम. भाऊसाहेब ‘दोन्ही एकदमच आणा’ म्हणाले असतील तर त्यांच्या सोयीसाठी म्हणाले असतील. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. काकांच्या नावाखालची ओळ तोवर तशीच राहू द्या, ती कोणाला चावत नाही.

मग तुमच्यापुढे रस्ते कोणते उरतात? गिऱ्हाइकाला थांबवून फक्त वडिलांची वारस नोंद करणे हा सगळ्यात साधा, आणि जमीन विकायची निकड नसेल तर मी तोच सुचवला असता. पण तुम्ही एका भावाच्या मुलीच्या शिक्षणाचा उल्लेख केला आहे. मग वाटप करून आपला हिस्सा वेगळा करून विकणे किंवा सगळ्यांनी मिळून विकणे. दोन्हीला चुलत भावंडांच्या सह्या लागतात. त्या तिकडून होतात, त्यांना यायची गरज नाही. शिकागोच्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवता येते. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरायचे, ही मुदत लोक हमखास चुकवतात. ती भावंडे हक्कसोड करायला तयार झाली तर तेही नोंदणीकृतच हवे, आणि ‘सोडतील’ हे तुम्ही मनात धरून बोलायला जाऊ नये असे मला वाटते. चौथा रस्ता, ती सापडलीच नाहीत तर, दिवाणी न्यायालयाचा. १८२७ च्या रेग्युलेशन नावाच्या जुन्या कायद्याखाली वारस दाखल्याचा अर्ज करायचा, जाहीर नोटीस निघते, वेळ आणि वकील दोन्ही लागतात. मात्र तिथेही त्यांची नावे लपवायची नसतात, उलट सांगायची असतात.

सगळ्या रस्त्यांवर ती दोघे भेटतातच. तेव्हा दाखलाही त्यांच्याकडेच मागा. अमेरिकेत माणूस गेल्यावर फ्युनरल होमच नोंदणी करते आणि घरचे लोक बँक, विमा, पेन्शन यांच्यासाठी एकदम पाच-दहा प्रमाणित प्रती काढून ठेवतात. एखादी प्रत अजून कुठल्याशा फायलीत असेल. नसली तरी मुलगा किंवा मुलगी म्हणून त्यांना नवी मागायला कोणी आडकाठी करणार नाही.

त्यांना सांगा की दाखला आला की त्यावर अपोस्टिल करून घ्या. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून लावलेले ते प्रमाणपत्र. ते मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे. काउंटीच्या दाखल्यावर ते त्या राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट देतो, इलिनॉयचा स्प्रिंगफील्डला बसतो. आपल्या तलाठी कार्यालयात अपोस्टिल हा शब्द सगळ्यांना माहीत असेल असे नाही. माझ्या ओळखीतल्या एकांना ‘हे स्टिकर कसलं लावलंय’ असे विचारले गेले होते. तरीही करून घ्या, कोर्टाची वेळ आली तर लागेल. आणि प्रत हातात पडली की पहिल्यांदा नाव बघा. सातबाऱ्यावर समजा दत्तात्रय असेल तर तिकडे तीस वर्षांत त्याचे नुसते डी. बी. झालेले असू शकते. अमेरिकी दाखल्यात वडिलांचे नाव, आईचे माहेरचे आडनाव आणि जन्मस्थळ यांचे रकाने असतात. त्यावरून ही एकच व्यक्ती असे प्रतिज्ञापत्र करता येते. काकांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून आत्ताच काढून ठेवा. दाखल्यात मृत्यूचे कारणही असते. ते कागद चावडीवर दहा हातांतून जाण्याआधी एकदा तुम्ही वाचा.

फोन करायला लाज वाटते असे तुम्ही लिहिले आहे. इतक्या वर्षांनी फोन करायचा तो कागदासाठी? वाटणारच. यावर माझ्याकडे जादूची कांडी नाही. एवढेच म्हणेन, की कागदासाठी म्हणूनच फोन करा. उगाच आधी दोनदा ‘सहज’ फोन करून तिसऱ्यांदा जमीन काढली तर ते जास्त वाईट दिसेल. पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा : आमचे वडील गेले, आजोबांच्या जमिनीत तुमचा हिस्सा आहे, तो सातबाऱ्यावर लागायला काकांचा मृत्यू दाखला हवा. जमिनीत हिस्सा आहे हे आपणहून कळवणारे नातेवाईक त्यांनी फार पाहिले नसतील. सातबाऱ्याचा फोटो जोडा, मराठी वाचता येत नसेल तर काकांच्या नावावर बोट ठेवून काढा. पत्ता बदलला असला तर फ्युनरल होम आणि शिकागोचे महाराष्ट्र मंडळ ही दोन ठिकाणे आहेत. ते तुम्हाला पत्ता देणार नाहीत, देऊही नये, पण तुमचा निरोप पोचवायला बहुतेक नाही म्हणणार नाहीत.

आणि ते कात्रण पुन्हा एकदा काढा. शेवटच्या ओळीआधी ‘मागे परिवार’ म्हणून जी नावे आहेत त्यांत पत्नी आणि दोन मुलांनंतर भारतातले थोरले बंधू म्हणून तुमच्या वडिलांचे नाव आहे. चेक परत गेल्यानंतरचे हे कात्रण. त्या पेपरात शब्दांचे पैसे पडत होते. चुलत भावाला पाठवायच्या पत्रात सातबाऱ्याच्या फोटोशेजारी याचाही फोटो जोडा.

उन्हाळ्यात शिकागो आपल्या साडेदहा तास मागे असते, हिवाळ्यात साडेअकरा. रविवारी रात्री साडेनऊला फोन लावलात तर तिकडे सकाळचे दहा किंवा अकरा वाजलेले असतील, माणसे घरी सापडतील.